पावडर निळी झाली म्हणजे लेप बसला असं नाही: पेडॉट-पीएसएसच्या बाटलीचा आठ महिन्यांचा रिव्ह्यू

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलाय. मेटल ऑक्साईडच्या कणांवर कंडक्टिव्ह (वीज वाहणाऱ्या) पॉलिमरचं कोटिंग करायचं म्हणून ही रेडीमेड डिस्पर्शनची (पाण्यात बारीक पसरवलेल्या पॉलिमरची) बाटली घेणारे बरेच जण असतील आणि बाटलीवरच्या लेबलात त्यांच्या कामाचं जवळजवळ काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून हा उद्योग. कंपनीचं नाव घेत नाही, कारण माझ्या निम्म्या तक्रारी या कुठल्याही कंपनीच्या बाटलीला लागू होतात आणि उरलेल्या निम्म्यांत चूक माझीच होती.

घेतलं काय, तर पेडॉट-पीएसएसचं (पेडॉट हा वीज वाहणारा पॉलिमर, पीएसएस हा त्याला पाण्यात पसरवून ठेवणारा दुसरा) पाण्यातलं डिस्पर्शन, हाय कंडक्टिव्हिटी ग्रेड. गडद निळं, शाईसारखं पाणी. लेबलवर सॉलिड्स १ ते १.३ टक्के, पेडॉट आणि पीएसएसचं वजनी प्रमाण १ः२.५, पीएच २ च्या आसपास, आणि मग मोठ्या ठळक अक्षरात कंडक्टिव्हिटी ८५० सीमेन्स प्रति सेंटीमीटर, ज्याच्या शेजारी एक बारीक चांदणी आणि खाली त्याहून बारीक अक्षरात "५ टक्के डीएमएसओ घातल्यावर, सुकलेल्या फिल्मवर". (डीएमएसओ म्हणजे एक सॉल्व्हंट, फिल्म म्हणजे सपाट पातळ थर.) ती चांदणी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

माझं काम साधं होतं. टायटॅनियम डायऑक्साईडची पांढरी पावडर वीज वाहील इतपत करायची, अँटीस्टॅटिक कोटिंगमध्ये फिलर म्हणून घालायला. त्याआधी आमच्याकडे पायरोल आणि फेरिक क्लोराईडवाला पारंपरिक मार्ग चालायचा, म्हणजे कणांच्या घोळात मोनोमर (पॉलिमरच्या साखळीची सुटी कडी, इथं पायरोल) टाकायचा, ऑक्सिडंट (त्या कड्या जोडायला लावणारं रसायन, इथं फेरिक क्लोराईड) टाकायचा आणि पॉलिमर जागच्या जागी कणांवर बनू द्यायचा. ते ज्यांनी केलंय त्यांना माहितीये काय डोक्याला ताप असतो. पायरोल ताजा असतो तेव्हा पाण्यासारखा स्वच्छ, आणि बाटली दोन-चारदा उघडली की पिवळा, मग तपकिरी. मग तो आधी डिस्टिल करा, थंडीत अंधारात ठेवा, बर्फात भांडं ठेवून थेंबथेंब घाला, एका मोल पायरोलला साधारण २.३ मोल फेरिक क्लोराईड लागतं ते मोजा, आणि शेवटी ते सगळं लोखंड धुवून काढत बसा, फिल्टरखालचं पाणी पिवळं यायचं थांबतच नाही. अॅनिलीनचा मार्ग (तसाच, फक्त मोनोमर वेगळा) त्याहून वाईट, कारण अॅनिलीन कातडीतून शरीरात जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकदच घालवतं, त्यामुळे प्रत्येक वेळी फ्यूम हूड, दुहेरी ग्लोव्ह्ज, सगळा जामानिमा. म्हणून पॉलिमर आधीच बनलेला, आधीच डोप झालेला (म्हणजे वीज वाहील असा केलेला), फक्त कणांवर चढवायचा, ही कल्पना ऐकून मी खूश झाले होते.

पहिली बाटली वाया गेली. त्याचं श्रेय माझं. "फ्रीजमध्ये ठेवा, गोठू देऊ नका" असं लेबलवर लिहिलं होतं आणि मी ती फ्रीजच्या अगदी मागच्या भिंतीला चिकटवून ठेवली, जिथं बर्फ धरतो. दोन दिवसांनी काढली तर आत निळी चिखलासारखी गाठ आणि वर पाणी. सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) अर्धा तास घातली, काही उपयोग नाही, एकदा गोठून गुठळी झाली की ते परत पहिल्यासारखं पसरत नाही. विकणाऱ्याला मेल केला की निदान बाटलीवर गोठण्याचं चिन्ह तरी मोठं छापा, तर उत्तर म्हणून तेच डेटाशीट परत पाठवलं, जे माझ्याकडे आधीच होतं. सपोर्टचा एक स्टार तिथंच गेला.

दुसरी बाटली मधल्या कप्प्यात ठेवली. ती नीट राहिली. नीट म्हणजे, काही महिन्यांत थोडी घट्ट होत जाते, आणि वापरायच्या आधी हलवून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढावी लागते, नाहीतर जेलचे बारीक कण पावडरीत जाऊन बसतात आणि नंतर मायक्रोस्कोपखाली तुम्ही त्यालाच "पॉलिमरचा जाड थर" समजून आनंदी होता. हसू नका, झालंय असं.

आता हिशोब. घ्यायच्या आधी करा, मी घेतल्यावर केला. समजा कणावर १० नॅनोमीटर जाडीचा थर हवाय, पॉलिमरची घनता १.५ धरा आणि टायटॅनियाची (म्हणजे टायटॅनियम डायऑक्साईडची) ३.९. कण १ मायक्रॉनचा असेल तर पावडरीच्या वजनाच्या साधारण २.३ टक्के पॉलिमर पुरतो, म्हणजे १० ग्रॅम पावडरीला पाव ग्रॅमच्या आत, आणि १.२ टक्के सॉलिड्सच्या हिशोबाने डिस्पर्शन लागलं २० ग्रॅम. छान. पण कण १०० नॅनोमीटरचा असेल तर तोच १० नॅनोमीटरचा थर वजनाच्या २८ टक्के होतो आणि डिस्पर्शन लागतं २३० ग्रॅमच्या वर. आणि कण २० नॅनोमीटरचा असेल, जो बाजारात सर्रास मिळतो, तर थराचं वजन कणाच्या पावणेतीनपट, म्हणजे १० ग्रॅम पावडरीला सव्वादोन लिटर डिस्पर्शन! बाटलीत ९९ टक्के तर पाणीच आहे हो. त्यामुळे "नॅनो पावडरला एकसारखा १० नॅनोमीटरचा थर दिला, पॉलिमर फक्त ५ टक्के" असं कुणी सांगत असेल तर आकडे एकदा कागदावर मांडून बघा, बहुतेक वेळा तिथं थर नसतो, ठिपके असतात, किंवा कणांच्या झुंडीला बाहेरून एक पांघरूण घातलेलं असतं.

त्यात अजून एक गोम आहे. पेडॉट आणि पीएसएसचं प्रमाण १ः२.५, म्हणजे साडेतीन भागांत वीज वाहणारा भाग एकच. बाकीचं पीएसएस, जे स्वतः इन्सुलेटर आहे, पाणी शोषतं आणि आम्लधर्मी आहे. ते नसतं तर मात्र बाटलीच नसती, कारण नुसता पेडॉट कशातच विरघळत नाही. हा पॉलिमर १९८० च्या दशकाच्या शेवटी बायरच्या लोकांनी बनवला तेव्हा हीच अडचण होती, पीएसएसच्या सोबतीनं तो पाण्यात पसरायला लागला आणि मग अॅग्फानं तो फोटोच्या फिल्मवर अँटीस्टॅटिक थर म्हणून वापरला, कारण फिल्म सरकताना स्टॅटिकची ठिणगी पडली की फोटोवर खुणा उमटायच्या. म्हणजे बघा, हे प्रॉडक्ट जन्माला आलंय ते सपाट फिल्मसाठी. कागदासारख्या पृष्ठभागावर पसरायचं, सुकवायचं, झालं. आपण तेच गोल, खडबडीत, एकमेकांना चिकटायला टपलेल्या कणांवर चढवायला निघालोय. माझ्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथं आहे आणि कंपनीचा त्यात तसा दोष नाही.

पण टायटॅनियावर हे चांगलं बसतं. का बसतं ते समजून घ्या म्हणजे तुमच्या पावडरीवर बसेल की नाही ते बाटली न उघडता सांगता येईल. प्रत्येक ऑक्साईडचा एक पीएच असतो जिथं त्याच्या पृष्ठभागावरचा चार्ज शून्य होतो. टायटॅनियाचा साधारण ६, अॅल्युमिनाचा आणि झिंक ऑक्साईडचा ९ च्या जवळ, सिलिकाचा २ च्या जवळ. त्या पीएचच्या खाली गेलात की पृष्ठभाग पॉझिटिव्ह. डिस्पर्शनचा पीएच २, म्हणजे टायटॅनिया तिथं चांगला पॉझिटिव्ह आणि पीएसएसच्या साखळीवर निगेटिव्ह सल्फोनेट, मग काय, दोघं आपोआप चिकटतात. पहिल्यांदा केलं तेव्हा पावडर खाली बसली निळी आणि वरचं पाणी चक्क फिकं झालं, म्हणजे पॉलिमर पाण्यातून निघून कणांवर गेला. इतकं सोपं काम मी या क्षेत्रात दुसरं पाहिलं नाही. सिलिकावर मात्र तेच केलं तर एका धुण्यात सगळा रंग पाण्यासोबत गेला, सिलिका जशी होती तशी पांढरी. तिथं आधी अमाइनवाला सिलेन (सिलिकाला घट्ट चिकटणारं रसायन) लावून पृष्ठभाग पॉझिटिव्ह करावा लागतो, मग बसतं.

घालायची पद्धत पण महत्त्वाची. पावडरीच्या घोळात डिस्पर्शन थेंबथेंब ओतलं तर पहिल्या थेंबातल्या साखळ्या दोन-दोन चार-चार कणांना एकत्र बांधतात आणि गुठळ्या होतात. उलटं करा. डिस्पर्शन पातळ करून भरपूर घ्या, जोरात ढवळत ठेवा आणि त्यात सोनिकेट केलेला पावडरीचा घोळ हळूहळू सोडा, म्हणजे प्रत्येक कणाला आजूबाजूला पुरेसा पॉलिमर मिळतो. हे मला कुठल्याही डेटाशीटनं सांगितलं नाही, तीन बॅचा फेकल्यावर कळलं.

सुकवणं हा वेगळाच अध्याय. न धुता ओव्हनमध्ये ठेवलं तर जास्तीचा पॉलिमर गोंदासारखा वाळतो आणि हातात येते एक निळी वीट, ती खलात कुटायची म्हणजे नुकताच चढवलेला थर परत फोडायचा. जास्त धुतलं तर थर पातळ. शेवटी एकदा हलकं धुऊन, सेंट्रीफ्यूज करून, लायोफिलायझरमध्ये (गोठवून वाळवणारं यंत्र) वाळवलं तेव्हा भुसभुशीत पावडर मिळाली. (हो, गोठवूनच. पॉलिमर एकदा कणांवर बसला की गोठण्यानं काही बिघडत नाही, बाटलीत असताना बिघडतं.) स्प्रे ड्रायर असेल तर त्याहून भारी, धुण्याची भानगडच नाही, थेंबात जे आहे ते सगळं कणावर बसतं. वाळल्यावर लगेच बंद बरणीत टाका, पीएसएस हवेतलं पाणी ओढतं आणि उघडी राहिली तर दोन दिवसांत पावडर ढेकळं धरते.

आमच्या लॅबमधले दादा, ज्यांनी माझ्या जन्माच्या आधीपासून पावडरी हाताळल्यात, त्यांनी पहिली नीट जमलेली बॅच बघून विचारलं, "ताई, निळी झाली म्हणजे झालं का काम?" मी म्हटलं, "हो दादा, रंग बघा ना किती एकसारखा आलाय." त्यावर ते म्हणाले, "अहो, पांढऱ्या पावडरीत निळी पावडर मिसळली तरी एकसारखाच दिसतो की." आणि गेले निघून. राग आला पण मुद्दा बिनतोड होता, दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं.

त्यामुळे तपासणीबद्दल जरा सविस्तर, कारण याच ठिकाणी लोक स्वतःला फसवतात. रंगावर जाऊ नका. झीटा पोटेन्शिअल (कणाच्या पृष्ठभागावरच्या चार्जचं माप) मोजा, आधी पॉझिटिव्ह असलेली पावडर पीएच ३-४ ला निगेटिव्ह झाली तर बाहेरून पीएसएस बसलंय. एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखायची तपासणी) करता आलं तर उत्तम, सल्फरच्या भागात पेडॉटमधला सल्फर १६४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येतो आणि पीएसएसमधला १६८ च्या आसपास, दोन्ही वेगळे दिसतात, आणि त्यावरून कळतं की धुताना नुसता पेडॉट उरला की पीएसएस पण. शिवाय थर अखंड असेल तर टायटॅनियमचा सिग्नल चांगलाच दबायला हवा, कारण एक्सपीएसला वरचे काही नॅनोमीटरच दिसतात. टायटॅनियमचा सिग्नल जसाच्या तसा असेल तर तुमच्याकडे कोटिंग नाही, मिश्रण आहे. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) एकच सुंदर कण शोधून त्याचा फोटो लावणं हा आपल्या सगळ्यांचा जुना धंदा, तो सोडा, वीस-पंचवीस कण बघा.

टीजीएनं (तापवत तापवत वजन मोजणाऱ्या यंत्रानं) पॉलिमरचं प्रमाण मोजता येतं, हवेत जाळलं की पॉलिमर जातो आणि ऑक्साईड उरतं, सरळ हिशोब. पण मॅग्नेटाईट (लोखंडाचं चुंबकाला चिकटणारं ऑक्साईड) असेल तर सावध. ते हवेत तापवलं की ऑक्सिजन घेऊन हेमटाईट होतं आणि त्याचं वजन साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढतं. म्हणजे खरा पॉलिमर १० टक्के असेल तर यंत्र तुम्हाला ७ च्या आसपास दाखवणार, आणि तुम्ही उरलेले ३ टक्के कुठे सांडले म्हणून शोधत बसणार. मी एक अख्खा आठवडा शोधले.

मॅग्नेटाईटवरून आठवलं, ते मॅग्नेटिक स्टररवर ठेवू नका. मी ठेवलं. आता वाचताना सगळ्यांना वाटेल हे काय सांगायची गोष्ट आहे का, पण रोजच्या सवयीनं हात आपोआप तिथंच जातो. दोन मिनिटांत सगळी पावडर ढवळायच्या बारला केसाळ सुरवंटासारखी चिकटली आणि निळं डिस्पर्शन तिच्याभोवती निवांत फिरत राहिलं. वरून पंख्यानं ढवळणारा स्टरर लागतो.

आता लेबलवरची ती चांदणी. ८५० चा आकडा फिल्मचा आहे, डीएमएसओ घातलेल्या, सपाट, सलग फिल्मचा. डीएमएसओ न घालता तीच फिल्म १ सीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या खाली असते, हा फरक खरा आहे आणि फिल्मवाल्यांसाठी जादू आहे. पावडरीत मात्र करंटला एका कणावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायचं असतं, आणि सगळा विरोध त्या टेकण्याच्या जागांवर असतो. माझी साधी टायटॅनियाची दाबलेली टिकली मल्टीमीटरवर काहीच दाखवत नव्हती, ओव्हरलोड. कोटिंगनंतर काही किलोओम. माझ्या कामाला एवढं रग्गड झालं, पण ८५० चं स्वप्न घेऊन आलात तर निराश व्हाल. डीएमएसओ घालून पण बघितलं, फायदा झाला पण फिल्ममध्ये होतो तसा शेकडोपट नाही, आणि वर तो १८९ अंशाला उकळतो त्यामुळे पावडरीतून पूर्ण काढायला व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर ठेवावं लागतं. माझ्या मते पावडरवाल्यांनी त्या नादी लागू नये.

झिंक ऑक्साईडवर लावणार असाल तर ही बाटली घेऊच नका, निदान आम्लधर्मी ग्रेड तरी नाही. पीएच २ ला झिंक ऑक्साईड सरळ विरघळतं. मला वाटलं होतं पटकन केलं तर वाचेल. घोळ ओतला, पाच मिनिटांत सगळं घट्ट होऊन जेल, कारण विरघळलेले झिंकचे आयन दोन-दोन सल्फोनेटना एकत्र बांधतात आणि डिस्पर्शन फाटतं. कण पण गेले, पॉलिमर पण गेला, तेल गेलं तूप गेलं हाती धुपाटणं आलं. पीएच न्यूट्रल केलेले ग्रेड मिळतात, थोडी कंडक्टिव्हिटी कमी असते पण अशा ऑक्साईडला तेच घ्या.

बॅटरीवाल्यांचे प्रश्न मला सारखे येतात, एनएमसी ८११ वर (लिथियम बॅटरीत वापरायची निकेल-मॅंगनीज-कोबाल्टवाली ऑक्साईड पावडर) हे चालेल का म्हणून. पाण्यातलं डिस्पर्शन? नाही. त्या पावडरीच्या पृष्ठभागावर आधीच लिथियम हायड्रॉक्साईड आणि कार्बोनेट असतं, पाण्यात टाकली की पीएच ११ च्या वर जातो, जाळीतलं लिथियम बाहेर येतं आणि त्याच्या जागी प्रोटॉन जातात, म्हणजे कोटिंगच्या नावाखाली पृष्ठभाग खराब करून घ्यायचा. शिवाय शेवटी पाणी ओढणारं पीएसएस सेलमध्ये नेऊन ठेवायचं. त्या कामाला पेडॉट वाईट नाही, फक्त बाटलीतला नको. २०१९ मध्ये आर्गॉनच्या (गॅस नव्हे, अमेरिकेतली राष्ट्रीय प्रयोगशाळा) मंडळींनी नेचर एनर्जीमध्ये दाखवलं की ऑक्सिडेटिव्ह सीव्हीडीनं पेडॉट चढवला तर तो मोठ्या गोळ्याच्या बाहेरूनच नाही, आतल्या बारीक कणांच्या फटींमधूनही बसतो. त्यात द्रव काहीच नसतो, व्हॅक्यूममध्ये ऑक्सिडंटची वाफ आणि मोनोमरची वाफ पृष्ठभागावर येऊन भेटतात आणि तिथंच पॉलिमर होतो. अर्थात त्याला यंत्र लागतं, आणि ते यंत्र असणारा माणूस हा रिव्ह्यू वाचत बसलेला नसतो.

मग पायरोलचा जुना मार्ग टाकून द्यायचा का? मी पण तसंच ठरवलं होतं, पण नाही. ज्या पावडरीला पाण्यात चार्जचा खेळ जमत नाही तिथं तो अजूनही उपयोगी आहे, आणि त्यात पॉलिमर १०० टक्के कामाचा असतो, पीएसएससारखं ओझं नाही. रसायनशास्त्रज्ञ एगॉन मातियेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९९५ मध्येच हेमटाईटसारख्या वेगवेगळ्या ऑक्साईडच्या कणांवर पॉलिपायरोलचे थर चढवून दाखवले होते, आणि गंमत म्हणजे ऑक्साईड कुठलं आहे यावर थर कसा बसेल ते ठरत होतं, म्हणजे पृष्ठभाग नुसता अंथरूण नाही, तो पण हात लावतो. याचं टोकाचं उदाहरण मॅंगनीज डायऑक्साईड. तो स्वतःच ऑक्सिडंट आहे, आम्ल असलं की त्याला फेरिक क्लोराईड लागतच नाही, पायरोल जवळ आला की त्याचाच पॉलिमर करतो आणि स्वतः मॅंगनीज आयन होऊन विरघळत जातो. थर अगदी पृष्ठभागावरच येतो, इकडे तिकडे नाही, म्हणून फार देखणा बसतो. पण जरा जास्त वेळ ठेवलं की आतला कणच पोखरला जातो, पोकळ कवच उरतं. काही लोक मुद्दाम तसंच करतात, तुम्हाला आतला ऑक्साईड हवा असेल तर घड्याळ लावून बसा.

पॉलिपायरोलच्या मार्गातली खरी कटकट वेगळी: पॉलिमर कणांवर बसायच्या ऐवजी पाण्यातच स्वतःचे काळे गोळे करतो आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे दिसणारे ते गोळे तुमच्या कणांच्या शेजारी बसतात. सगळं काळंकुट्ट, सगळे खूश, आणि कोटिंग शून्य. मोनोमर कमी ठेवा, आधी तो कणांवर शोषला जाऊ द्या, ऑक्सिडंट हळू घाला, थंड ठेवा. तरी पाच बॅचमधली एक फसतेच. रेडीमेड डिस्पर्शनमध्ये हा त्रास मुळातच नाही, पॉलिमर आधीच तयार, बनता बनता भरकटायचा प्रश्न नाही, आणि या एका कारणासाठी मी त्याला बरेच गुन्हे माफ करते.

पॉलिअॅनिलीनबद्दल एवढंच की तो हिरवा असतो तोवर वाहतो आणि पीएच ४ च्या वर गेला की निळा पडून झोपतो, त्यामुळे न्यूट्रल किंवा अल्कली ठिकाणी वापरायचं असेल तर त्याचं नाव काढू नका.

अजून एक इशारा, कारण एका विद्यार्थ्यानं हे खरंच केलं. कोटिंग झाल्यावर पावडर ५०० अंशाच्या भट्टीत घालू नका. पॉलिमर आहे तो, २०० अंशाच्या पुढे गेला की बिघडायला लागतो आणि ५०० ला तर हवेत जळून जातो, परत पांढरी पावडर हातात. त्याला वाटलं कंपनीनं फसवलं. आणि ज्यांना पांढराच रंग हवाय आणि वीज पण वाहायला हवी त्यांनी पॉलिमरच्या वाटेला न जाता अँटिमनी डोप केलेल्या टिन ऑक्साईडचा थर असलेल्या पावडरी बघाव्यात, या बाटलीतून निळसर राखाडीशिवाय दुसरं काही निघणार नाही.

स्टार द्यायचे तर: टायटॅनिया आणि अॅल्युमिनासारख्या पावडरींना साडेचार, सिलिकाला तीन (सिलेनची मेहनत तुमची), झिंक ऑक्साईडला एक, आणि तो पण निळा रंग सुंदर आहे म्हणून. पॅकिंग ठीक, सपोर्ट नावालाच, डेटाशीट फिल्मवाल्यांसाठी लिहिलेलं. परत घेणार का, हो, घेणार, लहान बाटली, कारण उघडल्यावर मोठी बाटली संपेपर्यंत घट्ट होते. सध्याच्या बाटलीत तळाला दोनेकशे मिली उरलंय, ते मॅग्नेटाईटच्या पुढच्या बॅचसाठी राखून ठेवलंय, फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, आणि दादांनी तिच्यावर मार्करनं लिहिलंय "मागे ढकलू नये".